मूत्रपिंडांवर सोंपविलेलें काम

१८४५ सालच्या नोव्हेंबर महिन्याची पहिली तारीख. लंडन येथील सेंट जॉर्ज रुग्णालयांतील हेन्री बेन्स जोन्स या एकतीस वर्षांच्या डॉक्टरांकडे कांचेची एक नळी आणि तिच्यासोबत एक चिठ्ठी आली. नळींत एका रोग्याचें मूत्र होतें. चिठ्ठी लिहिणारे डॉ. थॉमस वॉटसन हे त्या काळचे नामांकित वैद्य. त्यांनीं कळविलें होतें कीं, हें मूत्र नेहमींपेक्षां फार जड आहे. तें उकळलें तर किंचित् गढूळ होतें. त्यांत नत्राम्ल घातलें तर फसफसून तांबूस आणि स्वच्छ होतें. निवलें कीं गोठतें. आणि पुन्हां तापविलें कीं विरघळतें. हा पदार्थ कोणता, एवढेंच त्यांना विचारावयाचें होतें.

प्रश्न लहान होता, पण त्याचें पुरें उत्तर मिळण्यास एकशें सतरा वर्षें लागलीं. त्या उत्तराच्या शोधांत ज्या रोगाची ओळख पटली त्याला आज मल्टिपल मायलोमा म्हणतात. हा अस्थिमज्जेचा, म्हणजे हाडांच्या पोकळींतील मऊ गराचा, कर्करोग आहे. हाडें पोखरणारा रोग म्हणून तो प्रथम डॉक्टरांच्या नजरेस पडला. परंतु या रोगाच्या कित्येक रोग्यांचें आयुष्य किती उरलें, हें हाडांनीं ठरविलें नाहीं. तें मूत्रपिंडांनीं ठरविलें. ही गोष्ट वैद्यकाला कशी उमगली, आणि उमगण्यास इतका उशीर कां लागला, याचा इतिहास आज आपणांपुढें ठेवावयाचा आहे.

ज्याच्या मूत्रापासून हा शोध सुरू झाला तो रोगी म्हणजे थॉमस अलेक्झांडर मॅकबीन, लंडनमधील पंचेचाळीस वर्षांचा एक प्रतिष्ठित व्यापारी. १८४४ च्या सप्टेंबरांत तो विश्रांतीसाठीं बाहेरगांवीं गेला होता. तेथें एका भुयारांतून उडी मारून बाहेर येतांना छातींत कांहींतरी तुटल्यासारखें त्याला वाटलें, आणि वेदनेमुळें कांहीं मिनिटें त्याला जागचें हलतां येईना. पुढें छातीला पट्टे लावण्यांत आले, रक्त काढण्यांत आलें, जळवा लावण्यांत आल्या. त्या काळीं हे सर्वमान्य उपाय होते. पण अंगांतील रक्त आधींच आटत चाललेल्या माणसाचें रक्त काढल्यावर त्याचा अशक्तपणा वाढला यांत नवल नाहीं. मग लोह आणि क्विनाइन दिल्यावर त्याला बरें वाटलें. १८४५ च्या उन्हाळ्यांत तो स्कॉटलंडला गेला आणि सोबत्यांच्या बरोबरीनें टेंकड्या पालथ्या घालूं लागला. आपण बरे झालों असें त्याला वाटलें असेल. परंतु लंडनला परतल्यावर दुखणें उलटलें. कंबरेंत आणि मांड्यांत असह्य वेदना सुरू झाल्या आणि त्यानें अंथरूण धरलें. त्याच्या अंगावर सूज दिसतांच डॉ. विल्यम मॅकिन्टायर यांनीं मूत्र तपासावयाचें ठरविलें. कारण सूज आणि मूत्रांतून जाणारें प्रथिन यांचा मूत्रपिंडाच्या विकाराशीं संबंध असतो, हें रिचर्ड ब्राइट यांनीं १८२७ मध्येंच दाखवून दिलें होतें.

मूत्रांत प्रथिन सांपडलें, पण तें ब्राइट यांच्या रोग्यांत सांपडणारें प्रथिन नव्हे. घरगुती दृष्टान्तानें हा फरक चटकन् ध्यानांत येईल. अंड्याचा पांढरा बलक एकदां शिजून घट्ट झाला कीं, मग तो कितीही तापवा, पुन्हां पातळ होत नाहीं. तूप मात्र निवलें कीं थिजतें आणि तापविलें कीं विरघळतें. मॅकबीनच्या मूत्रांतील पदार्थ जातीनें बलकाचा भाऊबंद. त्याची वागणूक मात्र तुपासारखी! बेन्स जोन्स हे जर्मनीमध्यें लीबिग यांच्या प्रयोगशाळेंत रसायनशास्त्र शिकून आलेले होते. त्यांनीं मोजमाप करून दाखविलें कीं, हा रोगी दिवसाकाठीं ६७ ग्रॅम इतकें प्रथिन मूत्रावाटें गमावीत आहे. प्रौढ माणसाच्या दिवसभराच्या जेवणांत साधारणपणें जेवढें प्रथिन असावें, तेवढें हें झालें. म्हणजे हा मनुष्य जेवत होता आणि जणूं तितकेंच अन्न ओतून टाकीत होता. १८४७ व १८४८ मध्यें आपले निष्कर्ष प्रसिद्ध करतांना बेन्स जोन्स यांनीं पुढील वैद्यांना एक सूचना केली : हाडें मऊ पडण्याचा विकार जेथें दिसेल तेथें मूत्रांत हा पदार्थ अवश्य शोधावा. हा पदार्थ पुढें त्यांच्याच नांवानें ओळखला जाऊं लागला.

मॅकबीन १८४६ सालच्या पहिल्याच दिवशीं मरण पावला. शवपरीक्षेंत त्याच्या बरगड्या इतक्या मऊ झालेल्या आढळल्या कीं, सुरी सहज चालावी. आणि आंत रक्तासारखा लाल, लिबलिबीत पदार्थ भरलेला होता. मूत्रपिंडें मात्र निरोगी दिसलीं. मॅकिन्टायर यांनीं १८५० मध्यें या रोग्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांत त्यांनीं मूत्रपिंडांविषयीं जवळजवळ कौतुकानेंच लिहिलें आहे. त्यांचा आशय असा कीं, या अवयवांवर एक अगदीं नवीन काम येऊन पडलें होतें, तें त्यांनीं समर्थपणें पार पाडलें, आणि तें करतांना त्यांना कसलीही इजा झाली नाहीं. इकडे मृत्यूच्या दाखल्यावर कारण नोंदलें गेलें तें मात्र मूत्रावाटें प्रथिन जाऊन झालेली शरीराची झीज असें होतें.

श्रोतेहो, मॅकिन्टायर यांना दोष देण्याचें कारण नाहीं. त्यांनीं जें पाहिलें तें प्रामाणिकपणें लिहिलें. परंतु या एका रोग्याचीं मूत्रपिंडें ज्या ओझ्याखालीं टिकलीं, त्याच ओझ्याखालीं दुसऱ्यांचीं टिकतीलच असें नाहीं, हें कळावयास पुष्कळ शरीरें पाहावीं लागतात. आणि हा रोग तसा विरळा. शिवाय पुढचीं पन्नास वर्षें वैद्यांचें सारें लक्ष हाडांकडे लागून राहिलें. १८७३ मध्यें रुस्टिट्स्की यांनीं रोगाला मल्टिपल मायलोमा हें नांव दिलें. १८८९ मध्यें प्राग येथील ओटो काहलर यांनीं आपल्या एका रोग्याचें असें बारकाईचें वर्णन केलें कीं, युरोपांत कित्येक वर्षें हा रोग काहलरचा रोग म्हणूनच ओळखला जाई. त्यांचा रोगी स्वतः डॉक्टर होता. त्याची वेदना १८७९ मध्यें सुरू झाली आणि तो १८८७ मध्यें वारला. म्हणजे दुखणें आठ वर्षें चाललें. १९०० मध्यें अमेरिकेंत बोस्टन येथें जेम्स रायट यांनीं दाखविलें कीं, या गांठी मज्जेंतील प्लाझ्मा पेशींपासून होतात.

त्या काळीं आठ वर्षें हा अपवादच होता. रोगावर परिणामकारक औषध निघण्यापूर्वीं, निदान झालेल्या रोग्यांपैकीं निम्म्याहून अधिक रोगी वर्ष पुरें होण्याच्या आंतच दगावत. मग एकाला आठ वर्षें आणि दुसऱ्याला आठ महिने, हा फरक कशानें पडे? याचीं कारणें अनेक आहेत. पण त्यांतील एक मोठें कारण हळूहळू शवपरीक्षेच्या टेबलावर उलगडूं लागलें. १९२० आणि १९२१ मध्यें जर्मन संशोधकांनीं अशा रोग्यांचीं मूत्रपिंडें सूक्ष्मदर्शकाखालीं तपासून त्यांतील बारीक नलिकांची झालेली हानि वर्णन केली. १९३३ मध्यें अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ ई. टी. बेल यांनीं मायलोमांतील मूत्रपिंडांचा विषय स्वतंत्रपणें मांडला. चित्र असें होतें : नलिकांत कांचेसारखे कठीण बोळे बसलेले, त्यांच्याभोंवतीं दाह, आणि नलिका मागल्या बाजूला तुंबून फुगलेल्या. मोरीला बोळा बसला म्हणजे घराची जी अवस्था होते, तीच या मूत्रपिंडांची झाली होती. मॅकिन्टायर यांनीं ज्यांची पाठ थोपटली, त्या अवयवांना त्या नव्या कामानें कित्येक रोग्यांत अक्षरशः बुजवून टाकलें होतें.

हे बोळे कां बसतात, हें समजण्यास वॉटसन यांच्या प्रश्नाकडे परत यावें लागतें. आपल्या शरीरांतील प्लाझ्मा पेशी रोगजंतूंशीं लढणारीं प्रतिपिंडें तयार करतात. प्रत्येक प्रतिपिंडांत दोन प्रकारच्या साखळ्या असतात. कांहीं जड, कांहीं हलक्या. १९६२ मध्यें न्यू यॉर्क येथें जेरल्ड एडेलमन आणि जोसेफ गॅली यांनीं एकाच रोग्याचें रक्त आणि मूत्र घेतलें. रक्तांतील प्रतिपिंडापासून हलक्या साखळ्या वेगळ्या केल्या, आणि मूत्रांतील बेन्स जोन्स प्रथिनाशीं ताडून पाहिल्या. दोहोंची घडण सारखी आढळली. इतकेंच नव्हे, तर रक्तांतून काढलेल्या साखळ्याही तापवितांना प्रथम गोठल्या आणि अधिक तापवितां विरघळल्या. म्हणजे कांचेच्या नळींतील तो गूढ पदार्थ म्हणजे वेड्यासारख्या वाढलेल्या प्लाझ्मा पेशींनीं प्रमाणाबाहेर निर्माण केलेल्या हलक्या साखळ्या होत. प्रतिपिंडांच्या रचनेवरील कार्याबद्दल एडेलमन यांना १९७२ मध्यें नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला.

आपलीं मूत्रपिंडें दिवसांतून सुमारें १८० लिटर पाणी रक्तांतून गाळतात आणि त्यांतील बहुतेक सारें पुन्हां रक्तांत घेतात. हलक्या साखळ्या आकारानें लहान असल्यामुळें त्या गाळणींतून सहज निसटतात. निरोगी शरीरांत त्या थोड्या असतात, आणि नलिकांच्या पेशी त्यांना शोषून पचवून टाकतात. मायलोमांत मात्र त्यांचा लोंढा येतो. नलिकांच्या पेशी थकतात, दुखावतात. आणि उरलेल्या साखळ्या पुढें वाहत जातात. तेथें मूत्रपिंडानेंच तयार केलेलें एक प्रथिन असतें. १९५० मध्यें टॅम आणि हॉर्सफॉल यांनीं तें वेगळें काढल्यामुळें त्याला त्या दोघांचें नांव मिळालें. हलक्या साखळ्या या प्रथिनाला चिकटतात आणि त्यांचा बोळा होतो. सर्वच साखळ्या सारख्या चिकट नसतात. म्हणूनच एखादा मॅकबीन रोज ६७ ग्रॅम प्रथिन बाहेर टाकूनही निरोगी मूत्रपिंडांनिशीं मरतो, आणि दुसऱ्या एखाद्याचीं मूत्रपिंडें त्याहून कितीतरी कमी ओझ्यानें थोड्याच आठवड्यांत बंद पडतात.

येथून पुढें दोन इतिहास बरोबरीनें चालतात. एक रोग आवरण्याचा आणि दुसरा मूत्रपिंड वांचविण्याचा. स्वीडनमधील नील्स अल्वाल यांच्या आयुष्यांत हे दोन्ही इतिहास क्षणभर एकत्र आले होते. कृत्रिम मूत्रपिंडाच्या आद्य प्रवर्तकांपैकीं ते एक. १९४६ मध्यें लुंड येथें त्यांनीं स्वतः बनविलेलें यंत्र रोग्यावर वापरलें. त्यांनींच १९४७ मध्यें मायलोमावर युरेथेन या औषधाचा गुण आल्याचें कळविलें. पुढें जवळजवळ वीस वर्षें डॉक्टर तें औषध देत राहिले. मग १९६६ मध्यें अमेरिकेंत एका चांचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. तींत कांहीं रोग्यांना युरेथेन आणि कांहींना केवळ गोड सरबत देण्यांत आलें होतें. आणि युरेथेन घेणारे सरबत घेणारांपेक्षां जास्त जगले नाहींत. एखाद्या रोग्याला बरें वाटलें म्हणून औषध गुणकारी ठरत नाहीं, हा धडा वैद्यकाला असा किंमत मोजून शिकावा लागला. खरें औषध वेगळ्याच दिशेनें आलें. १९५८ मध्यें मॉस्को येथें ब्लोखिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं, आणि १९६२ मध्यें अमेरिकेंत बर्गसेजल यांनीं, मेल्फलान या औषधाचा उपयोग दाखविला. १९६९ मध्यें त्याला प्रेड्निसोनची जोड मिळाली आणि आयुर्मर्यादा आणखी सुमारें सहा महिन्यांनीं वाढली. आतां रोगी महिने मोजण्याऐवजीं वर्षें मोजूं लागले; निम्मे रोगी सुमारें तीन वर्षें पाहूं लागले.

औषध मिळतांच मूत्रपिंडांचें महत्त्व कमी होण्याऐवजीं अधिकच उघड झालें. १९७५ मध्यें ड्यूरी आणि सॅल्मन यांनीं रोगाच्या पायऱ्या ठरविल्या. त्यांत प्रत्येक पायरीचे दोन भाग पाडले : रक्तांतील क्रिएटिनिन हा टाकाऊ पदार्थ दर शंभर मिलिलिटरांत दोन मिलिग्रॅमपेक्षां कमी असलेले रोगी एका भागांत, आणि तितका किंवा अधिक असलेले दुसऱ्यांत. या एका रेघेच्या पलीकडे असलेल्या रोग्यांचें आयुष्य सरासरीनें फार कमी भरे. निदानाच्या वेळींच सुमारें पांचांतील एक रोगी या रेघेच्या पलीकडे असतो.

मग मूत्रपिंड वांचवावें कसें? पहिलें उत्तर इतकें साधें होतें कीं, त्यावर कोणाचा विश्वास बसूं नये. १९५० नंतरच्या दशकांत असें दिसून आलें कीं, मूत्रमार्गाचें क्षकिरण-चित्र काढल्यावर मायलोमाच्या कांहीं रोग्यांचीं मूत्रपिंडें एकाएकीं बंद पडतात. चित्र स्पष्ट यावें म्हणून रोग्यास आधीं बराच वेळ पाण्यावांचून ठेवीत. तहानलेल्या शरीरांत मूत्र दाट होई, आणि दाट मूत्रांत बोळे लवकर बसत. मग याच्या उलट केलें तर? ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनें आपल्या चौथ्या मायलोमा चांचणींत मूत्रपिंड बिघडलेल्या रोग्यांना दिवसाला किमान तीन लिटर पाणी पोटांत जाईल अशी व्यवस्था केली, आणि १९८४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्तांत त्याचा लाभ नोंदविला. ज्या शास्त्रानें एकेकाळीं या रोग्यांचें रक्त काढलें, त्यानेंच आतां त्यांच्या हातीं पाण्याचा पेला दिला! अर्थात् किती पाणी सोसेल हें रोग्याचें हृदय आणि मूत्रपिंड पाहून डॉक्टरांनींच ठरवावयाचें असतें.

दुसरें उत्तर यंत्रांकडून अपेक्षिलें गेलें. हॉलंडमध्यें १९४५ साली विलेम कोल्फ यांच्या कृत्रिम मूत्रपिंडानें पहिला रोगी वांचविला, तेव्हांपासून रक्त शरीराबाहेर धुणें शक्य झालें होतें. मग हलक्या साखळ्याच रक्तांतून गाळून काढल्या तर? कल्पना पटण्यासारखी होती. परंतु २००५ मध्यें कॅनडांत सुमारें शंभर रोग्यांवर झालेल्या चांचणींत रक्तद्रव बदलण्याचा स्पष्ट लाभ दिसला नाहीं. साखळ्याही निसटतील अशा मोठ्या छिद्रांच्या गाळण्यांच्या दोन चांचण्यांचे निकाल २०१७ आणि २०१९ मध्यें आले. त्यांतही तीन महिन्यांनंतर डायालिसिसवांचून राहूं शकणारांची संख्या खात्रीलायक वाढली असें ठरलें नाहीं. कारण उघड आहे. नळ वाहता ठेवून घरांतील पाणी उपसण्यांत किती अर्थ आहे? नळ मज्जेंत होता.

तो नळ बंद करण्याचें साधन गेल्या पंचवीस वर्षांत हातीं आलें. १९९९ मध्यें अमेरिकेंतील आर्कान्सा येथून सीमा सिंघल आणि सहकाऱ्यांनीं थॅलिडोमाइड या एकेकाळीं कुप्रसिद्ध झालेल्या औषधाचा ८४ रोग्यांवरील परिणाम प्रसिद्ध केला. दुसऱ्या औषधांना न जुमानणाऱ्या या रोग्यांपैकीं जवळजवळ तृतीयांश रोग्यांना गुण आला. २००३ मध्यें अमेरिकेंत बोर्टेझोमिबला मान्यता मिळाली. मूत्रपिंड बिघडलेलें असलें तरी हें औषध देतां येतें, आणि साखळ्यांची निर्मिति तें झपाट्यानें घटवितें. त्यामुळें तुंबलेलीं मूत्रपिंडें कित्येकदां पुन्हां चालूं लागतात, आणि ज्यांचीं मूत्रपिंडें अशीं सावरतात ते रोगी अधिक जगतात. यानंतर आणखीही औषधें आलीं. जेथें हे उपचार सर्वांना मिळतात, त्या देशांत आज निम्म्याहून अधिक रोगी निदानानंतर पांच वर्षें ओलांडतात. रोग समूळ जातो असें अद्याप म्हणतां येत नाहीं. पण काहलर यांच्या रोग्याचीं आठ वर्षें आतां पूर्वींसारखीं अपूर्वाईचीं राहिलेलीं नाहींत.

तथापि हें सारें वेळेवर निदान झालें तर. आणि येथें इतिहास आपल्या दारीं येतो. मूत्रांतील प्रथिन पाहण्यासाठीं आज जी रंग बदलणारी कागदी पट्टी सर्रास वापरतात, ती मुख्यत्वें अल्ब्युमिन ओळखते. हलक्या साखळ्या तिच्या नजरेंतून बहुधा सुटतात. १८४५ च्या कांचेच्या नळीनें जें दाखविलें, तें आजच्या पट्टीला दिसेलच असें नाहीं! त्याकरितां रक्ताची आणि मूत्राची वेगळी परीक्षा मुद्दाम मागवावी लागते. घरांतील वडील मंडळींची पाठ महिनोन् महिने दुखते. तें वयाचें दुखणें म्हणून आपण सोडून देतों. अंगांत रक्त कमी भरतें; खाणें कमी म्हणून तसें होत असेल अशी आपण समजूत घालतों. आणि पाठीसाठीं दुकानांतून वेदनाशामक गोळ्या आणतों. मायलोमा झालेला असेल तर नेमक्या याच गोळ्यांपैकीं पुष्कळ गोळ्या मूत्रपिंडांवर शेवटचा घाव घालूं शकतात. अशा बहुतेक पाठदुखी साध्याच असतात, यांत शंका नाहीं. परंतु न थांबणारी पाठदुखी, रक्ताची कमतरता आणि बिघडूं लागलेलीं मूत्रपिंडें हीं तीन लक्षणें एकत्र दिसलीं, तर बेन्स जोन्स यांची जुनी सूचना आठवावी आणि डॉक्टरांना ती परीक्षा करण्याविषयीं विचारावें.

मॅकिन्टायर यांना वाटलें होतें कीं, मूत्रपिंडांनीं आपल्यावर सोंपविलेलें नवें काम विनातक्रार पार पाडलें. हे अवयव खरोखरच फार काळ तक्रार करीत नाहींत. आणि त्यांचें मौन हेंच आपल्याला फसवितें. त्यांच्या वतीनें विचारणारा कोणीतरी लागतो. पावणेदोनशें वर्षांपूर्वीं वॉटसन यांनीं एका चिठ्ठींत तो प्रश्न विचारला. तो प्रश्न योग्य वेळीं पुन्हां विचारला गेला, तर एखाद्या घरांतील माणसाच्या वांट्याला आणखी कांहीं वर्षें येतील.